दसऱ्याचा ताप

मुलुंडच्या ज्या छोट्या कारखान्यात मी लेथ चालवायला शिकलो, तिथे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशिनांची पूजा व्हायची. सकाळी सगळी मशिनं घासूनपुसून लख्ख करायची, काम पकडून फिरणाऱ्या चकवर हळदकुंकू लावायचं, हँडलला झेंडूची माळ घालायची. मग सगळ्यात जुन्या मिस्त्रींनी नारळ फोडायचा आणि खोबरं वाटायचं. मी ख्रिस्ती. त्या दिवशी मला ताप यायचा.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. सलग पाच वर्षं तो ताप आला. पहिल्या वर्षी रजेची चिठ्ठी तीनदा लिहून फाडली होती. पुढे मजकूर पाठच झाला. वडील आमच्या चर्चच्या मराठी मंडळीचे पंच. संध्याकाळी ते एवढंच विचारायचे, "गेला नव्हतास ना?" मी म्हणायचो, "नाही." कारण काय कळवलंस, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोघांचीही सोय होती. मूर्तीपुढे वाकू नये ही बायबलातल्या दहा आज्ञांपैकी दुसरी. ती पाळायला मी नववी मोडत होतो. पण नववी आज्ञा बोलते शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीबद्दल, आणि माझ्या तापाने कुठल्या शेजाऱ्याचं काय बिघडत होतं? असली वकिली मला तेव्हा छान जमायची.

माझ्या शेजारच्या लेथवर तेच जुने मिस्त्री असायचे. मालवणकडचे, आवाज चढा, हात मात्र हलका. टूलला धार कशी लावायची, लोखंड कापताना त्याच्या आवाजावरून चूक कशी ओळखायची, हे सगळं त्यांनी शिकवलं. चुकलो की माप घ्यायच्या कॅलिपरने बोटांवर टकटक करायचे. दुपारी त्यांच्या डब्यातला तळलेला बांगडा न विचारता माझ्या डब्यात यायचा.

दसऱ्यानंतर कामावर गेलो की माझ्याही चकवर वाळलेलं कुंकू असायचं. कोणी लावलं ते मी विचारत नसे. रॉकेलचा बोळा घेऊन पुसून टाकायचो, आणि खरं सांगायचं तर त्या पुसण्यात मला फार बरं वाटायचं. देवाशी मोठाच विश्वासू समजत होतो स्वतःला. मिस्त्री शेजारून बघायचे आणि आपलं मशीन चालू करायचे.

सहाव्या वर्षी, दसऱ्याला आठवडा राहिला असताना ते म्हणाले, "पुढच्या वर्सा मी रिटायर होतलंय. माझी जागा तुकाच गावतली, मालकाक सांगलंय. यंदा नारळ तू फोडूचो." मग हसून म्हणाले, "आणि ह्या खेपेक ताप हाडू नको."

तो मान होता, आणि त्यांनी तो मला एकट्याला देऊ केला होता. नाही म्हणावं तर त्यांच्या तोंडावर त्यांची जागा परत केल्यासारखं होणार होतं. हो म्हणावं तर घरी, मंडळीत आणि रात्री प्रार्थनेला गुडघे टेकताना मी काय म्हणणार होतो? दोन दिवस मी त्यांची नजर चुकवली. तिसऱ्या दिवशी डबा खाताना सांगून टाकलं.

"मिस्त्री, मला पूजा करता येणार नाही. आमच्यात चालत नाही."

"मगे काय झाला? मी फोडतंय," ते म्हणाले. इतकं सहज.

तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण अर्धं खरं पोटात ठेवून घास उतरेना. "आणि तो ताप," मी म्हणालो, "तो कधी आलाच नव्हता."

त्यांनी हातातली चपाती खाली ठेवली. "पाचय वर्सां?"

"पाचही."

"दरवर्सा तुझ्या मशीनर एक वेगळो नारळ फोडलंय," ते म्हणाले. "पोराचो ताप उतरांदे, म्हणान." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "खरा सांगाक काय झाला होता तुका? मी तुझो शेजारी ना रे."

त्यांनी तो शब्द लेथपुरताच वापरला होता. मला तो जिथे लागायचा तिथे लागला.

पूजेच्या दिवशी मी गेलो. माझं मशीन घासलं, तेल घातलं आणि बाजूला उभा राहिलो. मिस्त्रींनी नारळ फोडला. हळदकुंकवाचं ताट घेऊन एकेका मशीनपाशी जात ते माझ्यापाशी आले आणि थांबले. "लावू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "नको." मान हलवून ते पुढे गेले. दुपारी माझ्या डब्यात बांगडा आला नाही. नवरात्र होतं, त्यामुळे त्याचा काही अर्थ लावता येईना. मालकाला माझ्याबद्दल दिलेला शब्द मात्र त्यांनी फिरवला नाही.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "गेला नव्हतास ना?"

"गेलो होतो. पूजा केली नाही."

त्यांनी उठून संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी बायबल काढलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये मला टायफॉइड झाला. कामावर चिठ्ठी पाठवली. मजकूर तोच, पाच वर्षांचा पाठ. तिसऱ्या दिवशी मिस्त्री शहाळं घेऊन दारात उभे. आईने खुर्ची पुढे केली, पण ते सरळ माझ्या खाटेपाशी आले आणि त्यांनी कपाळावर तळहात ठेवला. मग उलटा हात मानेला लावून पाहिला.

"खरो आसा," ते आईला म्हणाले.

ते गेल्यावर आई कितीतरी वेळ म्हणत होती, काय माया आहे बघ माणसाची. माया होतीच. पण तो हात कपाळावर जरा जास्त वेळ राहिला होता. त्यांची खात्री पटेपर्यंत.