मागच्या खिडकीचा शिक्का

आमच्या नगरपालिकेच्या कचेरीला दोन खिडक्या आहेत. पुढची रस्त्याकडे उघडते. तिच्यासमोर रांगेसाठी लोखंडी कठडे आहेत, वर पंखा आहे, म्हाताऱ्यांना टेकायला बाक आहे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत फलक आहे : येथे सर्वांना समान वागणूक मिळेल, भेदभाव झाल्यास लेखी तक्रार करावी. मागची खिडकी बोळात उघडते. तिथे पंखा नाही, बाक नाही, वर छप्पर नाही. खिडकीखाली एक लाकडी फळी, तेवढीच.

त्या मागच्या खिडकीशी मी एकोणीस वर्षं बसले. टपाल घ्यायचं, नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारायचा. पुढचा शिक्का गोल, मागचा चौकोनी, म्हणजे कुठला कागद कुठून आला ते शोधायला नको. टपालाशिवाय मागे यायची ती फक्त नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं. महारोगातून बरी झालेली, आणि त्यांची पोरंबाळं. कितीतरी वर्षांपूर्वी औषधं होऊन ती बरी झाली होती, दवाखान्याचे तसे कागद होते. पण दवाखान्याचा कागद गावाने कुठे वाचला होता.

मी कामावर आले त्याच दिवशी पुढच्या खिडकीवरच्या मोठ्या कारकुनांनी, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, मला समजावून सांगितलं. नदीपलीकडचे मागे येतात. त्यांचा कागद ट्रेमध्ये घ्यायचा आणि शिक्का मारून ट्रेमध्येच परत ठेवायचा, हाताला हात लागायचं काम नाही. मी विचारलं, असा नियम आहे का? ते म्हणाले, नियम नाही, पद्धत आहे. मी रोज सकाळी देवापुढे दिवा लावून, हात जोडून घराबाहेर पडत होते, आणि कचेरीत येऊन तो पत्र्याचा ट्रे पुढे सरकवत होते. ह्या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

वस्तीच्या वतीने बहुतेक वेळा विणकर काका यायचे. वस्तीत हातमाग होते, त्यांवर सतरंज्या आणि टॉवेल विणले जायचे, आणि काका त्यांतले सगळ्यांत जुने कारागीर. दोन्ही हातांची बोटं पहिल्या पेरापाशी संपलेली. पण मागावर आडवं सूत नेणारा धोटा असा फेकायचे म्हणे की बघणाऱ्याची नजर मागे राहावी. सही करायची असली की खिशातून कापडाची एक पट्टी काढत, पेन तळव्याला बांधत, दाताने गाठ ओढत आणि सावकाश, वळणदार अक्षरात सही करत. घाई करा म्हटलं की म्हणायचे, "बाई, सही एकच येते मला, ती तरी नीट करू द्या."

अंगात इस्त्रीचा सदरा. उजवं कोपर फळीवर टेकून उभे राहायचे, कारण कागद वाऱ्याने उडाला तर चिमटीत धरता यायचा नाही, म्हणून कोपराखाली दाबून ठेवायचे. तेवढ्या जागेचा रंग पार उडून गेला होता.

बोलणं मोठं गमतीचं. मोठ्या साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असायचा, तो वस्तीच्या मागावरचा. दर वर्षी कचेरी एक गठ्ठा घ्यायची. काका म्हणायचे, मी कचेरीच्या पुढच्या दारातून कधी आत गेलो नाही, पण माझा टॉवेल बघा, थेट साहेबांच्या पाठीला पाठ लावून बसलाय. शिपाईही हसायचा, मीही हसायचे. हसून झालं की ट्रे पुढे सरकवायचे.

काकांचा मुलगा लवकर गेला. घरी सून आणि एक नात. नात शाळेत हुशार, तिला नर्सिंगला जायचं होतं. ज्या दवाखान्याने आजोबांना बरं केलं तिथेच काम करायचं तिच्या मनात होतं. त्यासाठी रहिवासी दाखला लागणार होता, आणि तो घ्यायला अर्जदाराला स्वतः खिडकीशी यावं लागतं. पोरीच्या अंगावर रोगाचा डागही नाही, तिचा जन्मच आजोबा बरे झाल्यानंतरचा. पण पत्ता नदीपलीकडचा.

एक दिवस काका नेहमीसारखे आले, पाण्याच्या नळाचा अर्ज दिला, आणि गेले नाहीत. कोपर तसंच ठेवून म्हणाले, "बाई, पुढच्या भिंतीवर काहीतरी लिहिलंय म्हणे. सगळे सारखे, असं."

मी म्हटलं, हो, आहे फलक.

"नातीने शाळेतून येताना वाचला. मी कसा वाचणार? मी पुढे कधी गेलोच नाही." मग म्हणाले, "माझं सगळं ह्या बोळात गेलं, त्याचं काही नाही. पण ती पोरगी इथे उभी राहिलेली मला बघवणार नाही. तिचा दाखला तिला पुढून मिळाला पाहिजे. एवढं झालं की मी सुटलो."

एकोणीस वर्षांत मी त्यांना त्या फलकाबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते. त्या दिवशीही मान हलवली, इतकंच.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. नातीच्या सुरेख अक्षरात दोन पानं, खाली वस्तीतल्या अकरा जणांच्या सह्या, पहिली काकांची. वस्तीच्या लोकांना पुढच्या खिडकीवरून परत पाठवतात, बोळात उभं करतात, कागद हातात देत नाहीत, असं सगळं नीट मांडलेलं. काका स्वतः घेऊन आले. नवा सदरा होता, केस नीट बसवलेले होते. त्यांनी कागद ट्रेमध्ये ठेवला. मी नोंदवहीत चढवला, शिक्का मारला आणि पोच दिली. दोघांनाही वाटलं, काम झालं. मी तर मनात देवाचे आभारही मानले, की निदान अर्ज तरी गेला.

महिन्याभराने वरच्या कचेरीतून चौकशीचे साहेब आले. माडीवरच्या खोलीत बसले, त्याच टॉवेलच्या खुर्चीवर. काकांना समोर स्टूल दिलं. त्या दिवशी ते पहिल्यांदा कचेरीच्या आत आले, तेही शिपायाने त्यांना मागच्या जिन्याने आणलं. भाऊसाहेब होते, मी होते. साहेब वाईट बोलले नाहीत. पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग भाऊसाहेबांना विचारलं, यांना पुढे येऊ नका असं तुम्ही कधी सांगितलंत? भाऊसाहेब म्हणाले, छे, मी तर यांना पुढे कधी पाहिलंच नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही पाहिलंत यांना कधी पुढच्या खिडकीशी? मी म्हटलं, नाही. खरंच पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी मला काय सांगितलं गेलं होतं, ते त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. भाऊसाहेब दोन खुर्च्या सोडून बसले होते, आणि माझ्या सुट्ट्यांच्या अर्जांवर सही त्यांचीच असायची.

मग साहेबांनी तक्रारीचा कागद उलटसुलट केला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. शिक्का चौकोनी होता.

"हा अर्जसुद्धा तुम्ही मागेच दिलात?"

काकांनी मान वाकवून शिक्का बघितला. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला तेव्हा कळलं की त्यांनाही तो आत्ताच दिसतोय. नंतर सुनेकडून ऐकलं, सकाळी निघताना नातीने चारदा बजावलं होतं, आजोबा, आज पुढे जायचं. त्यांनी हो हो म्हटलं होतं. पुलावरून येईपर्यंत लक्षात होतं. मग बाजार लागला, लोक बाजूला व्हायला लागले, आणि काका बोळात वळले. आणि मी? भेदभावाची तक्रार माझ्या ट्रेमध्ये आली आणि मी ती ट्रेमधून उचलली.

"साहेब, चूक माझी," काका म्हणाले. "पाय सवयीने वळले."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

निकाल यायला तीन महिने लागले. पत्र माझ्याच टेबलावर आलं. मागील खिडकी ही नागरिकांच्या सोयीसाठी असून तक्रारदार तिचा वापर स्वेच्छेने करतात, प्रस्तुत तक्रारही त्यांनी तेथेच सादर केली आहे, आणि चूक स्वतःची असल्याचे त्यांनी मान्य केले आहे. सबब तक्रार निकाली. काका आले तेव्हा मी ते वाचून दाखवलं. ते ऐकून हसले.

"बघा, पत्र द्यायलासुद्धा पुढची खिडकी नाही सापडली त्यांना."

मी ट्रे बाजूला ठेवून पत्र हातात द्यायला गेले. ते मागे सरकले. म्हणाले, ठेवा ट्रेमध्येच, बाई, आता तुम्हाला कशाला त्रास. कोपर उचललं आणि गेले. त्या दिवशी त्यांनी टॉवेलचा विनोद केला नाही.

त्यानंतर ते दोनदाच आले. सून सांगायची, मागावर बसतात, पण धोटा नुसता हातात धरून राहतात. नातीला एकदा म्हणाले, पोरी, तुझं काम माझ्या पायांनी घालवलं. तिने पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, आजोबा, दाखला कुठूनही मिळाला तरी दाखलाच असतो. पण त्यांना तेच तर नको होतं. थंडीत छाती भरली, आठ दिवस दवाखान्यात होते, आणि गेले.

मृत्यूचा दाखला न्यायला नात आली. मी मान वर केली तर खिडकीत ती उभी, शाळेच्याच कपड्यांत, केसांना तेल, डोळे सुजलेले. मी म्हटलं, अगं, पुढे जा ना. चल, मी येते तुझ्याबरोबर, बघू कोण काय म्हणतं ते.

ती म्हणाली, "नको, मावशी. पुढे लोक वळून बघतात. इथे बरं वाटतं. आजोबा इथेच उभे राहायचे ना?"

मी उठून उभी राहिले.

मी काही बोलायच्या आत तिने अर्ज फळीवर ठेवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर कोपर टेकलं. तिला दहाच्या दहा बोटं आहेत. तरी कोपरच टेकलं, घरात बघत आली तसं, आणि नेमकं त्याच रंग उडालेल्या जागी. ज्या गोष्टीसाठी काकांनी ती एकुलती एक सही पट्टी बांधून केली होती, ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर संपली.

मी दाखला तयार केला. तो मी तिच्या हातात दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला, माझी बोटं तिच्या बोटांना लागली. गरम, साधी, पोरीची बोटं. ट्रे मी खाली कपाटात टाकून दिला. पण त्यात काय मोठं केलं? हे पहिल्या दिवशी करायचं होतं.

त्या संध्याकाळी देवापुढे बसले आणि काही मागवेना. मग उठून कागद घेतला. मला रुजू होताना काय सांगितलं गेलं, कोणी सांगितलं, मी किती वर्षं तसं केलं, चौकशीत मी काय बोलले आणि काय गिळलं, सगळं लिहिलं. खाली नाव, हुद्दा, सही. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाहेर जाऊन पुढच्या रांगेत उभी राहिले. पाऊण तास लागला. भाऊसाहेबांनी मला बघून चष्मा काढला. म्हणाले, अहो, तुम्ही आतल्याच, आत येऊन टेबलावर ठेवायचा, रांगेत कशाला?

"शिक्का गोल पाहिजे," मी म्हटलं.

त्यांनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग शिक्का मारला आणि पोच माझ्याकडे सरकवली.

उत्तर अजून आलेलं नाही. माझी बदली मात्र पाणीपट्टीच्या विभागात झाली. मागच्या खिडकीशी आता एक नवा कारकून बसतो, त्याने ट्रे कपाटातून शोधून काढलाय. पुढच्या महिन्यात नातीला रहिवासी दाखला घ्यायला यायचं आहे. मी तिला निरोप पाठवलाय, त्या दिवशी मी पुलाशी येऊन थांबेन, आपण दोघी मिळून जाऊ. तिने हो म्हणून कळवलंय. हो हो तर काकांनीही म्हटलं होतं.