एका हातानं उघडन अशी डबी

माझ्या आबाले उंचीचा लय भेव वाटते. नेहरू नगरच्या आमच्या घरी डिशची छत्री वाऱ्यानं हलली की आबा अंगणात उभं राहून ओरडते, "डावीकडं! अजून डावीकडं!" अन् गच्चीवर शिडी लावून चढते कोण, तं आजी. साडी खोचून. वरून आजी म्हणते, "या न वर, दाखवा कोणती डावी." आबा लगेच चहा मांडायले आत जाते.

आबाचं नाव कवडू, आजीचं नलू. या दोघायचं लगन एका प्लास्टिकच्या डबीनं जमलं, असं मी कॉलेजात सांगते तं कोणी मानतच नाही. म्हणते, फेकू नको. म्हणून एकदाचं पूर्ण सांगून टाकते.

भिलाईचा लोखंडाचा प्लांट बनून राहिला होता तेव्हाची गोष्ट आहे. गावागावातून लोक येत होते, त्यायच्यासंगं गोंदियाकडून कवडूही आला. एक पेटी, एक कांबळ. आता ज्याले जत्रेच्या पाळण्यात बसलं तरी चक्कर येते त्याले काम कोणतं भेटावं? खलाशाचं! भिलाईतल्या खलाशाचा समुद्राशी काही संबंध नाही. लोखंडावर चढून लोखंड चढवते तो खलाशी. हातात दोर, पायाखाली हवा.

त्याच्या गँगचा मुखिया होता भय्याजी. काळा, सुकडा, मिशीवाला, बीमवरून असा चालत जाये जसा कोणी अंगणातून विहिरीवर चालला. त्यानं कवडूले पहिल्यांदा वर नेलं अन् कवडूनं बीमले जी मिठी मारली, ती सोडायलेच तयार नाही. डोळे बंद. "सोड बे!" "नाही जी." "अबे सोड, मी धरलं तुले!" "नाही जी, तुम्हीच सोडा मले." शेवटी भय्याजीनं दोर बांधून त्याले उलटंच खाली सोडलं, सिमेंटच्या बोऱ्यासारखं. तेव्हापासून त्याचं नावच पडलं, बोरा.

खाली बाया डबे घेऊन उभ्या होत्या. त्यात भय्याजीची पोरगी नलू. आजी म्हणते, मी हासलीच नाही. आबा म्हणते, इतकी हासली की डब्यातलं वरण सांडलं. अन् आबाले ते हासणं उलटं लटकून दिसलं, म्हणजे खालचं वर, वरचं खाली, अन् तिथंच मामला खतम! मले तं हे आठवलं की रडूच येते यार. कोणाले प्रेम सरळ उभं राहून होते, आमच्या आबाले दोराले टांगून झालं.

दुसऱ्याच दिवशी कवडूनं खलाशाचं काम सोडलं अन् भिलाईच्याच सुपेला बाजारात बाबुलाल सेठच्या शेडमधी लागला. तिथं हातानं चालणारी प्लास्टिकची मशीन होती. कंगवे, बटनं, असं निघे त्याच्यातून. वरून प्लास्टिकचा दाणा टाका, तो आतमधी गरम होऊन शिऱ्यासारखा होते, मंग पूर्ण आंगाचा जोर लावून मोठा दांडा खाली ओढा की तो शिरा खालच्या लोखंडी डायमधी, म्हणजे साच्यात, घुसते. थंडा झाला की डाय उघडा, माल तयार. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे मशीन जमिनीवर होती.

नलू कंगवा घ्यायले आली. मंग दुसरा कंगवा घ्यायले आली. तिसऱ्या वेळी बाबुलाल सेठ म्हणे, "बिटिया, घर में बाल कितने हैं?" तेव्हा कवडूले वाटलं आता बोलून टाकावं. अन् तो सरळ भय्याजीकडंच गेला.

सेक्टरमधी, म्हणजे प्लांटच्या वसाहतीत, पाण्याच्या उंच टाकीचं काम चालू होतं. भय्याजी खाली बसून टिनाची तंबाखूची डबी दातानं उघडून राहिला होता. कवडू समोर उकिडवा बसला.

"भय्याजी, नलूले मागायले आलो जी."

भय्याजीनं डबी दातातून काढलीच नाही. तशीच धरून पाह्यलं. मंग काढली. "कोण? तू? बोरा?"

"आता मी मशीनवर आहो जी. प्लास्टिकच्या."

कवडूनं नमुना म्हणून खिशातला कंगवा देला. भय्याजीनं दोन बोटांत वाकवला. कट्! दोन तुकडे.

"हे सामान?" भय्याजी म्हणे. "इथं दुनिया लोखंड बनवून राहिली अन् तू हे कटकन तुटन असं बनवतं? माही पोरगी बी अशीच ठेवशीन का?"

कवडू पार खाली पाहू लागला. पण भय्याजी मनानं खोडकर होता, पोट्ट्याले असं सोडणारा नाही. त्यानं टिनाची डबी कवडूच्या मांडीवर फेकली. "उघड."

कवडूनं दोन्ही हातानं ओढली, नाही उघडली. चुन्यानं गंजून बसली होती.

"मी सकाळी खाली बसून तंबाखू घोटून ठेवतो," भय्याजी म्हणे. "वरती फक्त चिमूट घ्याची. पण वरती एक हात लोखंडाचा असते, एकच हात माहा. तं डबी अशी पाह्यजे का खिशात उघडली नाही पाह्यजे अन् वरती एका हातानं उघडली पाह्यजे. पोळ्याच्या आत करून दाखव. पोळ्यानंतर राजनांदगावचे पाव्हणे येऊन राहिले नलूले पाहायले. पोरगा प्लांटात पर्मनंट आहे." मंग मिशीतल्या मिशीत हासून, "अन् शिडीवर चढते."

झालं! बाबुलाल सेठनं डाय बनवून देली, या बोलीवर की डबी चालली तं धंदा त्याचा. अन् कवडूनं पहिलीच डबी भिलाईच्या माणसासारखी बनवली. जाड! आजूबाजूले जे पाहा ते इंच-इंच जाड प्लेटा, त्याले वाटलं जाड म्हणजेच मजबूत. बूड अंगठ्याएवढं जाड, दिवाला एकदम सरळ, ओळंब्यात. डाय उघडली तं डबी बाहेरच येईना. आतमधी गच्च! सरळ दिवालीले निघायले जागाच नाही. चिमट्यानं ओढली, ठोकली, बाबुलाल सेठनं डायले पाय लावून ओढली अन् धपकन मागं दाण्याच्या बोऱ्यावर पडला.

डबी निघाली. पण बुडाले मधोमध मोठा खड्डा. जाड भाग आतून हळूहळू थंडा होते, आखडते, अन् वरचं आत ओढून घेते. कवडूले हे तेव्हा कुठं माहीत! त्यानं ती तशीच नेऊन देली. भय्याजीनं खड्ड्यात बोट फिरवलं. "याच्यात काय, नलू कुंकू कालवन?"

मंग दिवाला जराशा तिरप्या केल्या, तोंडाशी रुंद, बुडाशी अरुंद, पेला असते तशा. डायमधी डबीची पोकळी पाडते तो आतला ठोकळा नवा बनवला, त्यानं बूड अन् दिवाला सारख्याच पातळ झाल्या. डबी टुणकन बाहेर! कवडू इतका खुश झाला का सेठले मिठीच मारली.

पण झाकण ढिलं. झाकण पकडून ठेवाले डबीच्या काठाले बारीक उंचवटा असते, तोच कमी पडला. भय्याजीच्या पँटच्या खिशात डबी उघडली अन् चुन्यातला घोटलेला तंबाखू मांडीवर. तेही टाकीच्या अर्ध्या उंचीवर, घामाच्या टायमाले. खालचे लोक सांगत, भय्याजी वरती एका पायावर नाचून राहिला होता. घरी गेल्यावर कौशल्यानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मांडीले खोबऱ्याचं तेल लावता लावता म्हटलं, "जावई अजून झाला नाही अन् सासऱ्याची पँट उतरवली त्यानं."

कवडूनं कानस घेतली. डायमधी जिथं उंचवट्याची खाच होती ती अजून खोल घासली. डायमधून लोखंड काढलं का माल तिथं वाढते, सोपं काम. घासली, घासली, रागारागात जरा जास्तच घासली. आता झाकण असं बसलं का पुन्हा उठलंच नाही. भय्याजीनं एका हातानं पाह्यलं, दोन्ही हातानं पाह्यलं, मंग दात लावला. डबी नाही उघडली. दात निघाला.

"बरं झालं," कौशल्या म्हणे. "सहा महिन्यापासून हालून राहिला होता, काढा म्हटलं तं आइकत नव्हते."

भय्याजी दात हातात घेऊन शेडवर आला. "हे पाय बोरा. तुह्या लगनाचा आहेर."

कवडू सेठले म्हणे, खाच जरा कमी करू. सेठनं कपाळावर हात मारला. "अबे, लोहा काटा तो काटा! अब वापस चिपकाएगा क्या? नई डाय मैं नहीं बनवाऊँगा!" पोळा तोंडावर आला होता. कवडू डायसमोर बसून राहिला, अन् आबा आजही कबूल करत नाही, पण रडला होता. आजीनं पाह्यलं होतं.

मंग त्याची नजर कोपऱ्यातल्या बोऱ्यावर गेली, ज्याच्यावर सेठ पडला होता. त्याच्यात नरम दाणा होता, वाकला तरी तुटत नाही असा. डाय तीच, दाणा बदलला! आता काठ जरा वाकून झाकण सोडत होता अन् पुन्हा पकडतही होता. नखानं दाबलं का टक्! खिशात ठेवून कवडू पूर्ण सुपेल्यात उड्या मारत फिरला, नाही उघडली. सेठनं एका हातानं उघडली, चहावाल्यानं उघडली. गेला पळत टाकीवर.

भय्याजीनं अंगठा लावला. घसरला. पुन्हा लावला. घसरला. "नाही उघडत."

"अशी काहून नाही उघडत? सगळ्यायची उघडली जी!"

"मंग सगळ्यायच्या पोरी माग," भय्याजी म्हणे अन् वर चढून गेला.

नलू तिथंच डबा घेऊन उभी होती. तिनं आधी आजूबाजूले पाह्यलं, मंग पदराची किनार टर्रकन फाडली अन् चिंधी कवडूच्या हातात देली.

"ओ डबीवाले. हे अंगठ्याले बांधा अन् मंग उघडा."

"काहून?"

"सगळंच मी सांगू का? मंग लगनही मीच करून घेते."

कवडूनं चिंधी बांधली. अंगठा डबीवरून सटकला. पुन्हा लावला, सटकला. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. भय्याजीच्या अंगठ्याले नखच नव्हतं! हातोडा बसून बसून कधीचं गेलं होतं. कवडूनं आतापावेतो डबी मोजली ती सगळी आपल्याच अंगठ्यानं. ज्याच्यासाठी बनवून राहिला त्याचा हात त्यानं एकदाही पाह्यला नव्हता. भेवानं त्याच्या फक्त मिशा पाहत होता.

आता झाकणाले पुढं जरासं काही पाह्यजे होतं, ज्याच्याखाली बिननखाचा अंगठा बसन. अन् हे तं डायमधून लोखंड काढूनच होणार होतं! कवडूनं कानशीनं झाकणाच्या डायले एक छोटीशी खाच पाडली. झाकण निघालं ते चिमणीची चोच घेऊन.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कवडू पांढरा सदरा इस्त्री करून टाकीखाली हजर. भय्याजीनं डबी घेतली, तंबाखू भरून खिशात टाकली अन् चढू लागला.

"उघडली तं मले कसं समजन जी?" कवडू खालून ओरडला.

"समजन!"

कवडू मान वर करून उभा. भय्याजी मुंगीएवढा झाला. काही नाही. नलूनं डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. काही नाही. कवडूची मान दुखू लागली. शेवटी त्याले राहवलंच नाही, खरंच नाही राहवलं. त्यानं शिडीले हात लावला. डोळे घट्ट मिटले अन् एक पाय पायरीवर ठेवला. मंग दुसरा.

तितक्यात वरून काहीतरी येऊन खांद्यावर पडलं. फच्च!

पांढऱ्या सदऱ्यावर तंबाखूची पिचकारी. कवडूनं डोळे उघडले, खांद्याकडं पाह्यलं, अन् पोट्टं हासू लागलं, जसं कोणी गुलाल टाकला.

"समजलं का बे बोरा?" वरून आवाज. "राजनांदगाववाल्यायले सांगजो, येऊ नोका म्हणा!"

मागोमाग डबीच खाली आली. भय्याजीनं मुद्दाम सोडली होती. दणकन आपटली, उसळली, दोन कोलांट्या मारून कवडूच्या पायाशी थांबली. तुटली नाही, उघडली नाही. कवडूनं उचलली, एका हातात धरली, पण नजर सगळी नलूकडं, तं त्याच्याच अंगठ्याले ती चोच सापडेना.

"द्या इकडं," नलू म्हणे. अन् तिनं टक् करून उघडली.

तो सदरा आमच्याकडं पेटीत आहे, डागासकट. आबा म्हणते, तंबाखूचा डाग, तो काही निघत नाही. आजी म्हणते, निघत नाही हे तुमाले कसं माहीत? साबण लावून पाह्यला का कोणी?