वाढीव गुणांपुरता फुटबॉल

तरुणपणी एका रशियन प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकून आलेल्या रेणुकादास सरांची एकच इच्छा होती, लातूरचा संघ राज्यस्पर्धेत उतरवायचा. हयात त्यातच गेली. निवृत्तीच्या वर्षी त्यांच्या संघातल्या मुलींनी विभागीय स्पर्धा जिंकली. दहावीचे वाढीव गुण पक्के झाले, तसे पालक मुलींसह शाल-श्रीफळ घेऊन सरांच्या घरी आले.

"राज्याला कधी निघायचं?" सरांनी विचारलं.

"आता कशाला, सर? गुण तर मिळाले. पोरींचे क्लास बुडून राहिले."

"अहो, खरा खेळ तर तिथंच आहे."

"उद्या रशियाला न्याल!" कप्तान मनस्विनीचे वडील म्हणाले. सगळे हसले.

सरांनी मनस्विनीकडे आशेनं पाहिलं. ती म्हणाली, "सर, माझे बूट मी भावाला देऊन टाकले."

संघ येणार नाही, हा फोन राज्यस्पर्धेच्या आयोजकांना शेवटी सरांनाच करावा लागला.