वेबसाइटवरचं दादाचं वय

दादा गेला तेव्हा सत्तेचाळीसचा होता. त्याच्या वेबसाइटवर मात्र तो परवापर्यंत एक्कावन्नचा होता.

ती वेबसाइट त्याने स्वतः, एकेक ओळ टाइप करून बनवलेली. लालबाग, माझगाव, कॉटन ग्रीन पालथं घालून दुकानांच्या जुन्या, हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायचा आणि खाली आपलं मत ठोकून द्यायचा. मत द्यायला आमचा दादा कधी मागे नव्हता. पहिल्याच पानावर 'मी इतक्या वर्षांचा, लालबागचा' असं वाक्य होतं आणि त्यातला आकडा दर वाढदिवसाला आपोआप एकने वाढेल अशी सोय त्याने करून ठेवली होती. तो गेला, सोय राहिली.

दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला सकाळी मी ते पान उघडायचे. आकडा वाढलेला असायचा. मूर्खपणा आहे, मला कळतं. पण बरं वाटायचं, हेही खरं. मी त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी, आणि ते पान मला धाकटीच ठेवत होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

यंदा ज्या कंपनीकडे वेबसाइट होती तिने कळवलं की ही सेवा बंद होतेय, तुमचं काय असेल ते हलवा. चाळ रिकामी करा म्हणतात तसंच, फक्त मधल्या काळात राहायला ट्रान्झिट कॅम्प नाही. दादाचा कॉलेजातला मित्र परळला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो म्हणाला, जर्मनीतल्या एका छोट्या कंपनीकडे नेऊ. दादाच्याही मनात तेच होतं. आपल्या पानावर कोण आलं, कोण गेलं यावर कोणी डोळा ठेवलेला त्याला खपायचा नाही, आणि युरोपात याबाबतचे कायदे कडक आहेत असं तो येताजाता ऐकवायचा. मी म्हटलं, ने बाबा.

रविवारी मित्राच्या घरी बसलो. फोटो गेले, मतं गेली, सगळं नीट. मग तो अडखळला. तिथे पानं नुसती ठेवलेली असतात, म्हणाला, मागे काही चालत नाही, त्यामुळे वयाचा आकडा एकदाच काय तो लिहायचा. कोणता लिहू?

माझं डोकंच फिरलं. खरं वय लिहायचं तर सत्तेचाळीस, आणि मीही आता सत्तेचाळीसची. त्या बिचाऱ्यावर उगाच तडकले, हे आधी सांगता येत नव्हतं का म्हणून. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, थोडी खटपट केली तर वाचणाऱ्याच्या मोबाइलवरच हिशेब होईल आणि आकडा वाढत राहील. मी म्हटलं, वाढता ठेव, आणि चपला घालून निघाले.

घरी आई बिरड्याचे वाल सोलत बसली होती. माझं तोंड बघून तिने विचारलं आणि मी सगळंच बोलून टाकलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता किती दाखवतं, तिने विचारलं. एक्कावन्न, मी म्हटलं. तिचे हात थांबले. मला वाटलं, उगाच सांगितलं.

“तेका आता बसांदे गो,” ती म्हणाली. “दमलो असतलो.”

मग ती परत सोलायला लागली आणि मी तिच्या शेजारी बसून ढसाढसा रडले. तो गेला तेव्हाच्या धावपळीतही अशी रडले नव्हते. दुसऱ्या दिवशी मित्राला फोन करून सत्तेचाळीस लिही म्हटलं. वेबसाइट आता जर्मनीतून उघडते, पहिल्यापेक्षा पटकन उघडते.

पुढच्या महिन्यात मी अठ्ठेचाळीसची होईन. आमच्या घरात काहीही पहिल्यांदा झालं ते दादाचं. दहावीची परीक्षा, नोकरीचा इंटरव्ह्यू, चष्मा, शुगरची गोळी, सगळं त्याने आधी करून पाहिलं आणि मग मला सांगितलं, काय नाय होत गो, ये. अठ्ठेचाळीसचा तो झालाच नाही. तिथे त्याच्या आधी मी पोचणार, आणि मला खरंच भीती वाटतेय.