रिकाम्या भांड्यांची रांग

माझं डोकं फिरलं ते मोबाइलवरच्या एका व्हिडिओनं. युद्धानं घरदार सोडायला लावलेल्या बाया तंबूंपुढं रिकामी पातेली घेऊन अन्नासाठी उभ्या होत्या. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘यांचं आपल्याला काय?’ मी तेव्हा मुखेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. म्हटलं, थांबा, दाखवतेच काय ते.

गल्लीतल्या घराघरातून एकेक भांडं मागून आणलं आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला रांगेत मांडलं. तांबे, पराती, डबे, सगळं रिकामं. पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘घर सुटलेल्या माणसांसाठी’. मग तोंड मिटून टोकाला उभी राहिले. आईनं मात्र तिचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, जुनं पातेलं दिलं नव्हतं. "त्याला हात लावू नको," एवढंच म्हणाली.

तासाभरात माझ्या कलेचा पार बट्ट्याबोळ झाला. भाजी विकणारी म्हातारी उठली अन् परातीत मूठभर शेंगा टाकून गेली. मग दुसरी, तिसरी. कुणी ज्वारी, कुणी चिमूटभर साखर. मी ओरडले, "अहो मावशी, रिकामीच राहू द्या की! त्यालाच तर अर्थ हाय!" ती माझ्यावरच खेकसली, "कुणाचं भांडं रिकामं माघारी धाडतेत व्हय गं? शिकलीस तरी काय?"

तेवढ्यात आमचे संस्थाचालक गाडीतून उतरले. "मॅडम, हा तमाशा उचला. नाहीतर सोमवारपासून शाळेत यायचं नाही." घर माझ्याच पगारावर चालत होतं. मी वाकले आणि पहिला तांब्या उचललासुद्धा. त्याची लाज अजून वाटते.

"ठिव तो खाली." मागं आई उभी. काखेत ते पोचे पडलेलं पातेलं.

तिनं ते रांगेत ठेवलं आणि संस्थाचालकांकडं वळली. "आमाला आमच्या गावानं हाकललं, साहेब. पाणी तोडलं, काम तोडलं. ही पोटात होती. मुखेडात आलो तवा हातात एवढंच पातेलं होतं. एका बाईच्या दारात पाणी मागाया गेले. तिनं जात इचारली न्हाई, पातेलं कण्यांनी भरून दिलं. म्हणून ही जगली अन् तुमच्या शाळेत मास्तरीण झाली. आता घ्या तिची नोकरी, घ्यायची तर!"

यातलं अक्षरही तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. मी तांब्या दणकन खाली ठेवला आणि म्हातारीला म्हटलं, "टाका मावशी, काय टाकायचं ते."

संध्याकाळी भांडी ज्याची त्याला पोचवली. एकही रिकामं गेलं नाही.

सोमवारी गेटवर शिपायानं अडवलं. "वरून सांगितलंय, मॅडम." मी भांडले नाही. पुढच्या बाजाराच्या दिवशी रांग पुन्हा मांडली, शाळेच्या गेटसमोर. पहिलं पातेलं आईचं.