टाकीच्या झाकणाचं भोक

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा अण्णा दाढी करत होते. मी सांगितलं, तर अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून ते बेसिनपाशी मटकन खाली बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. माझ्या वडिलांना त्याआधी मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालंच नाही. मी गेलो असतो तर हे असे रडले असते का… एवढंच मनात आलं. सव्वा महिना झाला, ते काही मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

विलास माझा आतेभाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. दहावीनंतर नांदगावहून आमच्याकडे नाशकात आला, एका गॅरेजात काम शिकला आणि पुढे देवळाली कॅम्पात त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं. मी डिप्लोमा केलेला, सातपूरच्या कारखान्यात साहेब. पण अण्णा कांद्याचे व्यापारी, त्यांची जुनी डिझेल गाडी जरा कुरकुरली की माझ्याकडे न बघताच म्हणायचे, "विलासला बोलव." रविवारी त्याच्या गॅरेजातल्या स्टुलावर ते तासन्‌तास गप्पा मारत बसायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं "जेवलास का?"च्या पुढे कधी गेलं नाही. मला त्या स्टुलाचासुद्धा राग यायचा, मग विलासचं काय सांगावं!

सत्त्याण्णव साल असेल. लासलगावला लिलावाला जाताना गाडी वाटेत बंद पडायला लागली. वीस-पंचवीस किलोमीटर झकास चालायची, मग झटके देत थांबायची आणि अर्धा तास उभी राहिली की पुन्हा चालू व्हायची. अण्णांना म्हटलं, या वेळी मी बघतो. डिझेल फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, शेवटी पंपच उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे डिझेलचं माप जुळवून घ्यायला टाकला. आठवडाभर गाडी जागेवर. पंप बसवला आणि पुढच्याच फेरीला निफाडच्या अलीकडे गाडी पुन्हा ठप्प! अण्णांचा लिलाव हुकला. घरी आल्यावर त्यांनी सरळ विलासला फोन लावला.

विलासने बॉनेट उघडलंच नाही. "मामा, उभी केल्यावर किती वेळानं उठती?" एवढं विचारलं आणि म्हणाला, "चला, बंद पडस्तोवर चालवू." आम्ही तिघं निघालो. पुन्हा निफाडच्या अलीकडे गाडीने झटके खाल्ले. विलास उतरला तो थेट मागे गेला, मी त्याच्या मागोमाग. टाकीच्या झाकणाजवळ कान नेऊन त्याने झाकणाच्या कुलपात किल्ली फिरवली, झाकण हळूच सैल केलं… सूंऽऽ करून टाकीने हवा आत ओढून घेतली. मग पुढे येऊन बॉनेट उघडलं आणि इंजिनाजवळच्या डिझेल ओढायच्या हातपंपाचे चार दट्टे मारले. "मारा स्टार्टर, मामा." गाडी चालू.

ते कुलपाचं झाकण मी आणलं होतं. एकदा उभ्या गाडीतून डिझेल चोरीला गेलं, म्हणून त्या दिवाळीला मी अण्णांना ते हौसेनं दिलं. जुन्या झाकणाला हवा आत यायला बारीक भोक होतं, माझ्या झाकणाला नव्हतं. डिझेल कमी होत जाई तशी टाकी आतून आवळली जायची आणि पंपाला डिझेल ओढता यायचं नाही. गाडी अर्धा तास उभी राहिली की फटीतून थोडी हवा झिरपायची, म्हणून ती पुन्हा चालू व्हायची. डिप्लोमावाल्याला हे तिथे रस्त्यावर कळलं. विलासने माझ्याकडे एकदा बघितलं.

"काय होतं रे?" अण्णांनी विचारलं.

"काय नाय मामा, पायपात कचरा होता. निघाला."

दुसऱ्या दिवशी त्याने ते झाकण नेलं, भोक पाडून आणून बसवलं. मी त्याचे आभार मानले नाहीत, उलट जास्तच चिडलो. त्याने चारचौघांत माझी चूक काढली असती तर भांडता तरी आलं असतं! पुढे कित्येक वर्षं मी त्याच्या गॅरेजची पायरी चढलो नाही. त्याच्या मुलीच्या बारशाला जाणंही कामाचं निमित्त सांगून टाळलं. तो मात्र भेटला की "लय वाळला रे दादा तू," म्हणत पाठीवर हात ठेवायचा, आणि त्या हाताच्या डिझेलच्या वासाचा मला उगाच त्रास व्हायचा.

त्याच्या तेराव्यानंतर मला राहवेना. अण्णांना म्हटलं, "तेव्हा पायपात कचरा नव्हता. माझं झाकण…"

"मला काय ऐकू येत नव्हतं का ते सूं?" अण्णा म्हणाले. गाडी विकून चार वर्षं झाली होती, पण उठून त्यांनी कपाटातून ते झाकण काढलं. "विलास दुसरं झाकण बसवणार होता. मीच म्हटलं, नको. पोरानं हौसेनं आणलंय माझ्यासाठी, त्यालाच भोक पाड. आणि त्याला बोलू नकोस, मनाला लावून घेईल."

झाकण आता माझ्या टेबलावर आहे. भोक अगदी बारीक, सुई जाईल एवढं. लिहिता लिहिता मी ते उजेडाकडे धरून बघतो. अण्णा माझ्याबद्दल आयुष्यात एकदा इतक्या मायेने बोलले, आणि तेही विलासपाशी. त्याने ते ऐकलं, जपलं आणि बरोबर घेऊन गेला… मला त्याचा अजून हेवा वाटतो.