निळ्या रंगाचे दोन हात

नारळी पौर्णिमेआधी खारदांड्याच्या कोळीवाड्यात होड्या रंगवतात. मी तिथला जावई. अंधेरीत एसी दुरुस्त करतो, त्यामुळे मशीनमधलं आपल्याला कळतं, असा माझा जुना गैरसमज. सासऱ्यांच्या होडीबरोबर तिचं जुनं पेट्रोलचं मशीनही मी हौसेने खोललं, एकेक भाग सुटा करून रंगवला. निळ्या ऑइलपेंटचे दोन हात. सगळे म्हणाले, झकास.

पौर्णिमा झाली, बाकीच्या होड्या समुद्रात गेल्या. आमचं मशीन सुरूच होईना.

पहिल्या रविवारी प्लग काढून मशीनला टेकवला आणि दोरी ओढली. ठिणगी नाही. नवा प्लग आणला, तरी नाही. दुसऱ्या रविवारी बंद करायच्या बटणाची वायर सोडून पाहिली, पॉइंट घासले, ठिणगीला करंट देणारी कॉइल शेजाऱ्यांकडून चांगली मागून आणून बसवली. नाही म्हणजे नाही. दोरी ओढून ओढून उजवा खांदा असा गेला की सोमवारी गिऱ्हाइकाचा एसी मी डाव्या हाताने उघडला. सासरे रोज किनाऱ्यावर बसून न फाटलेलं जाळं शिवायचे.

तिसऱ्या रविवारी मेहुणा म्हणाला, "भाऊजी, बस झालं ना यार. संध्याकाळी भंगारवाला येतोय. बाबांनीच बोलावलाय."

"बाबांनी?"

"म्हणतात, मशीन म्हातारं झालं. आता आपण पण घरी बसायचं."

चालवून बघायला मशीन पाण्याच्या पिंपात उभं केलं होतं. शेवटचं म्हणून मी दोरी ओढली. तोल गेला, डावा हात कॉइलवर टेकला आणि असा झटका बसला की मी थेट वाळूत.

मेहुणा पोट धरून हसला. "करंट आहे की! तुमच्यात!"

तसाच बसून राहिलो. उठायचं त्राणच नव्हतं. मग हळूहळू कळलं. करंटला परत फिरायला मशीनच्या धातूतून वाट हवी. ती नव्हती, म्हणून तो माझ्यातून गेला. कॉइल काढली. जिथे धातूला धातू भिडायला हवा, नेमका तिथेच माझा निळा रंग, चांगला जाड. मागून आणलेली कॉइलही मी त्याच रंगावर बसवली होती.

पॉलिश पेपरने रंग खरवडला. दुसऱ्याच ओढीला मशीन धडधडलं.

सासरे जाळं टाकून आले. "काय झालं होतं?"

कॉइल गेली होती, असं म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? जीभ तयारही होती. पण मग मशीन म्हातारंच ठरलं असतं.

"रंग," मी म्हणालो. "माझा."

"म्हणजे मशीनला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"तीन आठवडे?"

"हो."

त्यांनी मुलाला भंगारवाल्याला येऊ नको म्हणून फोन करायला सांगितलं आणि जाऊन जाळं उचललं. दुसरं टोक धरायला मी उठलो.

"तुम्ही बसा, जावई," ते म्हणाले. "कशाला हात लावू नका."

मी बसलो. खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं.